ठसा आणि ठोकळा : ‘पॉप आर्ट’चा एक लाकडी अध्याय

‘पॉप आर्ट’ ह्या संज्ञेस मराठीत एक प्रतिशब्द नाही. तीन-चार आहेत, आणि ते एकमेकांना पुसून टाकणारे आहेत. कोणी तिला ‘लोकप्रिय कला’ म्हणतो, कोणी ‘जनकला’, आणि घाईत असलेला अनुवादक सरळ ‘लोककला’ लिहून मोकळा होतो. ह्यांतील शेवटचा शब्द सर्वांत अनर्थकारक होय. लोककला म्हणताच आपल्या मनासमोर वारली भिंत येते, पिंगुळीची चित्रकथी येते, गाव येते आणि परंपरा येते. पॉप आर्ट ही तर महानगरात, जाहिरातीच्या फलकाखाली आणि किराणा दुकानाच्या मांडणीसमोर जन्मलेली गोष्ट. एकीचा कर्ता बहुधा अनामिक असतो. दुसरीचा कर्ता इतका नामांकित असतो, की वस्तूपेक्षा त्याची सहीच महाग विकली जाते. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर कोशकारांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु ह्या घोळामागे कलेच्या इतिहासातील एक खरा प्रश्न दडलेला आहे. हाताने कापलेल्या लाकडाच्या निमित्ताने त्याचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘पॉप’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यास लॉरेन्स ॲलोवे आणि त्याच्या मित्रमंडळींच्या चर्चांतून रूढ झाला. १९५६ साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भरलेल्या प्रदर्शनात रिचर्ड हॅमिल्टनने मासिकांतील चित्रे कापून चिकटवलेले आपले प्रसिद्ध चिकटचित्र योजिले, आणि पुढच्याच वर्षी एका पत्रात त्याने ह्या नव्या कलेची लक्षणे यादीसारखी मांडली: ती बहुसंख्यांसाठी असावी, क्षणिक असावी, स्वस्त असावी, मोठ्या संख्येने निघणारी असावी. ही लक्षणे वाचताना हिंदुस्थानी वाचकास चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. स्वस्त, बहुसंख्यांसाठी आणि एकाच नमुन्याच्या हजार प्रती, हे वर्णन आपल्याकडच्या छापील कापडास लागू पडते. आणि त्या वेळी पॉप कलावंतांनी निर्माण केलेल्या एकमेव, दुर्मिळ आणि महागड्या वस्तूंना ते लागू पडत नाही. हॅमिल्टनने लक्षणे सांगितली ती जाहिरातींची. त्याच्या मित्रांनी चित्रे काढली ती दालनांसाठी. ह्या दोहोंमधील अंतर पॉप आर्टला कधीच मिटवता आले नाही, आणि बहुधा ते मिटवण्याची तिची इच्छाही नव्हती.

ह्या चळवळीत लाकडाला वाटते त्यापेक्षा मोठे स्थान आहे. जो टिल्सन (१९२८–२०२३) हा इंग्रज चित्रकार प्रथम सुतार होता. चित्रकलेचे शिक्षण घेण्यापूर्वी, १९४४ ते १९४६ ह्या काळात, त्याने सुतारकाम केले. १९६० च्या सुमारास त्याने लाकडाचे तुकडे कापून, एकावर एक बसवून उठावाची चित्रे रचण्यास आरंभ केला. पुढे त्यांत भडक रंग आले, अक्षरे आली, मुलांच्या खेळण्यांतल्यासारखे खण आले, पायऱ्यापायऱ्यांचे मनोरे आले. १९६३ साली त्याने वर्णमालेच्या क्रमाने खण पाडलेली एक लाकडी पेटी केली आणि त्या खणांतून आपल्या मित्रांच्या कृतींना जागा दिली. सुताराचा हात आणि जाहिरातीची दृष्टी ह्यांचा असा संयोग दुसऱ्या कोणात इतका उघड दिसत नाही. अमेरिकेत मारिसोल (१९३०–२०१६) हिने लाकडी ठोकळ्यांची माणसे उभी केली. ‘कुटुंब’ ह्या १९६२ च्या शिल्पात ठोकळा ठोकळाच राहतो आणि त्यावर चेहरे रेखाटले जातात. अँडी वॉरहॉलची १९६४ सालची ‘ब्रिलो’ साबणाची खोकी तर सर्वश्रुतच आहेत. दुकानातील खरी खोकी पुठ्ठ्याची होती, वॉरहॉलची लाकडी होती. सुतारांकडून ती करवून घेतली आणि रेशमी जाळीतून रंग पाडून वरचा मजकूर छापला. आर्थर डांटो ह्या तत्त्वज्ञाने त्याच वर्षी ह्या खोक्यांवरून एक निबंध लिहिला आणि दिसण्यात भेद नसताना एक वस्तू कला का व दुसरी का नाही, हा प्रश्न पुढील अर्धशतकाच्या सौंदर्यशास्त्रास पुरवला.

परंतु डांटोच्या प्रश्नाशेजारी एक दुसरा, अधिक साधा प्रश्न उभा होता, आणि त्याकडे बराच काळ कोणी वळून पाहिले नाही. दुकानातले ते मूळ खोके कोणी काढले होते? ते जेम्स हार्वी नावाच्या चित्रकाराने पोटासाठी केलेले काम होते. हार्वी स्वतः अमूर्त शैलीचा गंभीर चित्रकार होता. १९६५ साली तो वारला. त्याच्या खोक्याची प्रतिकृती संग्रहालयांत गेली, त्याचे नाव तळटीपेत गेले. पॉप आर्टने लोकप्रिय वस्तूला प्रतिष्ठा दिली असे आपण म्हणतो. त्या वस्तूच्या कर्त्याला मात्र ती प्रतिष्ठा मिळाली नाही.

आता जयपूरकडे वळू. सिविल लाइन्स हा त्या शहराचा तटाबाहेरील भाग. १७२७ साली सवाई जयसिंहाने आखलेल्या चौकटीबद्ध नगराच्या पश्चिमेस, इंग्रजी अमदानीत साहेबी वस्तीसाठी मांडलेल्या ह्या भागात आज राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आहे आणि २०१५ पासून मेट्रोचे एक स्थानकही आहे. येथून अजमेरच्या रस्त्याने गेले की सुमारे तीस किलोमीटरांवर बगरू लागते. शहराच्या दक्षिणेस सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरांवर सांगानेर आहे. दोन्ही गावे छीपा लोकांची, म्हणजे कापडावर ठशांनी छपाई करणाऱ्यांची. सिविल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचे पडदे, पलंगपोस आणि मेजावरची वस्त्रे ह्या दोन गावांखेरीज पुरी झाली नसती. बंगला आणि गाव ह्यांमधला हा संबंध गिऱ्हाइकाचा होता, आणि ह्या कलेचा लिखित इतिहास पुष्कळसा गिऱ्हाइकानेच लिहिलेला आहे. १८८३ साली जयपुरात भरलेले औद्योगिक प्रदर्शन, त्याचा सूत्रधार डॉ. टॉमस हेंडली, त्याने काढलेले चार भव्य ग्रंथ आणि १८८७ साली खुले झालेले ॲल्बर्ट हॉलचे संग्रहालय ही सारी त्याच दृष्टीची फळे आहेत. ती दृष्टी तुच्छतेची होती असे कोणी म्हणणार नाही. हेंडलीने ह्या वस्तूंवर मनापासून प्रेम केले. पण प्रेमाचा विषय वस्तू होती.

ठसा कसा तयार होतो हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. शिसम किंवा सागवान मुरवून, त्याचा पृष्ठभाग घासून आरशासारखा सपाट करतात. त्यावर खडूसारख्या पांढऱ्या मातीचा पातळ लेप देतात, म्हणजे रेघ नीट दिसावी. मग कागदावरची आकृती त्यावर उतरवून घेतात आणि बारीक छिन्न्या व हातसामता ह्यांनी नको असलेले लाकूड काढून टाकतात. उरते ती आकृती. म्हणजे येथे चित्र काढणे म्हणजे चित्र सोडून बाकीचे काढणे. रुंद ठशांना आरपार भोके पाडतात, त्यामुळे दाबताना आत कोंडलेली हवा निघून जाते आणि जादा रंग साचत नाही. तयार ठसा कित्येक दिवस तेलात बुडवून ठेवतात, म्हणजे पाण्याने लाकूड फुगत नाही, उन्हाने तडकत नाही. मागे मूठ बसवली की तो छीपाच्या हाती जाण्यास सिद्ध होतो.

ह्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एका आकृतीस एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा ठसा वेगळा, त्यास ‘रेख’ म्हणतात. पार्श्वभूमी भरणारा वेगळा, तो ‘गद’. आणि पाकळी, पान, देठ ह्यांच्या पोटात रंग भरणारा वेगळा, त्याचे नाव ‘दट्टा’. (आपला बुचाच्या अर्थाचा ‘दट्ट्या’ येथे आठवल्यावाचून राहत नाही, पोकळीत नेमका बसतो तो दट्ट्या, ही कल्पना दोहोंकडे आहे.) तीन रंगांच्या फुलास किमान तीन ठसे, आणि ते असे कोरलेले, की एकावर दुसरा पडताना केसाचे अंतर चुकू नये. ह्यासाठी ठशाच्या कोपऱ्यात बारीक खुणा ठेवलेल्या असतात. म्हणजे कोरणाऱ्याला संपूर्ण फूल एकदाही लाकडात दिसत नाही. त्याने ते मनात धरायचे, तीन ठिकाणी फोडायचे, उलटे कोरायचे, आणि ते पुन्हा जुळेल तेव्हा तो स्वतः तेथे नसायचा. जुळवण्याचे काम छीपाचे. बगरूत त्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात. काळा रंग जुने लोखंड आणि गूळ आंबवून करतात, तांबडा तुरटीच्या योगाने उठतो, आणि जेथे रंग लागू द्यायचा नाही तेथे चिखलाचा थर देतात. त्याला ‘दाबू’ म्हणतात. सांगानेरची ख्याती पांढऱ्या भुईवरील नाजूक बुट्ट्यांची.

टिल्सनच्या उठावचित्रात लाकडाचे थर एकमेकांवर चढलेले असतात आणि प्रेक्षकाला ते दिसतात. थर दिसणे हाच तेथे आनंदाचा विषय. जयपूरच्या लाकडाचे थर अलग अलग फळीवर पडलेले असतात आणि एकत्र येतात ते कापडावर, जेथे लाकूड उरलेलेच नसते. पहिल्यात वस्तू राहते, दुसऱ्यात खूण राहते. मला वाटते, अनुवादकाला ह्या दुसऱ्या प्रकाराविषयी विशेष आत्मीयता वाटावी. त्याचेही काम उलट्या बाजूने कोरण्याचे असते आणि ते चांगले वठले तर दिसत नाही. परंतु हे साम्य फार ताणू नये.

मराठी वाचकास ह्या तत्त्वाचा परिचय दुसऱ्या वाटेने झालेला आहे. प्रत्येक रंगास वेगळा दगड ही शिळाप्रेसची रीत ठशांच्याच रीतीची बहीण होय. १८७८ च्या सुमारास पुण्यात निघालेला चित्रशाळा छापखाना आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीस गेलेला रविवर्म्याचा छापखाना, ह्यांनी देवादिकांना आणि इतिहासपुरुषांना घरोघरी नेले. भारतीय पॉप आर्टचा आरंभ ज्याच्यापासून धरतात तो भूपेन खख्खर (१९३४–२००३) मुंबईत जन्मला, हिशेबतपासनीस झाला, १९६२ साली बडोद्यास गेला. आणि १९६५ साली जहांगीर कलादालनात त्याने मांडलेल्या चित्रांत अशाच बाजारी देवचित्रांचे कापलेले तुकडे चिकटवलेले होते. त्याने गुजरातीत कथा आणि नाटकेही लिहिली, ही गोष्ट आपल्या समीक्षेने पुरेशी मनावर घेतलेली नाही. खख्खरला किराणा दुकानातील डबा उसना घ्यावा लागला नाही. त्याच्या घरच्या भिंतीवर टांगलेले लोकप्रिय चित्र त्याला पुरले. तरीही तेथे कात्री चालवली गेली ती छापील कागदावर, आणि तो छापणारे हात ह्याही वेळी चित्राबाहेरच राहिले.

‘छीपा’ ह्या शब्दाशी महाराष्ट्राचे एक जुने नाते आहे आणि ते ह्या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकते. नामदेव महाराष्ट्रात शिंपी. उत्तरेत मात्र तो छीपा आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्याची एकसष्ट पदे आहेत आणि त्यांत तो आपला जन्म छीपाच्या घरचा असल्याचे सांगतो. राजस्थानातील छपाई करणारे कुळ त्याला आपला मानते; ‘नामदेव छीपा’ असे नाव लावणारी घरे सांगानेर-बगरूच्या पंचक्रोशीत आहेत. आता शिंपी शिवतो आणि छीपा छापतो. मग खरे कोण? मराठी अभ्यासक बहुधा असे म्हणून पुढे जातो, की उत्तरेतील लोकांनी त्याला आपल्या धंद्यात ओढून घेतले. इतके सोपे ते नाही. ग्रंथसाहिबातील आसा रागाच्या एका पदात मनाचा गज आणि जिभेची कातर अशी उपमाने येतात, आणि त्याच पदात रंगवणे व शिवणे ह्या दोन्ही क्रिया शेजारी शेजारी येतात. जेथे कापड हे एकच जग आहे तेथे ते रंगवणारा, छापणारा आणि शिवणारा ह्यांच्यामध्ये जातीची भिंत असली तरी उपमेची भिंत नसते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमानला भरले तेव्हा नामदेवाच्या भाषेवर पुष्कळ बोलणे झाले. पण नामदेवाची लोकप्रियता भाषेइतकीच धंद्याच्या ओळखीवर चालत गेली, हे कोणी तरी विस्ताराने मांडावयास हवे. सामान्य वापराच्या वस्तूला हात घालून काव्य उभे करणे हे पॉप कलावंतांचे नवेपण म्हणून सांगितले जाते. गज आणि कातर ह्या वस्तूंना ते नवे नाही. आणि येथे एक भेद निर्णायक आहे: नामदेव त्या वस्तूंकडे बाहेरून पाहत नव्हता. त्या त्याच्या हातातल्या होत्या आणि पदाच्या शेवटी त्याचे नाव होते.

आपल्या समीक्षेची परिभाषा ह्या दृष्टीने एकदा तपासून पाहण्यासारखी आहे. लेखनाची निंदा करताना आपण ते ‘ठोकळेबाज’ आहे म्हणतो, ‘साचेबंद’ आहे म्हणतो, ‘छापील’ आहे म्हणतो. स्तुती करावयाची तर लेखकाने आपला ‘ठसा उमटवला’ असे म्हणतो, किंवा त्याची शैली ‘कोरीव’ ठरवतो. निंदा आणि स्तुती दोन्हींची शब्दसामग्री एकाच कारखान्यातून आलेली आहे. ठोकळा वाईट आणि ठसा चांगला. पण कोरण्यापूर्वीचा ठसा ठोकळाच असतो, आणि कोरल्यानंतरचा ठसा उपयोगी पडतो तो पुन्हा पुन्हा तेच उमटवतो म्हणूनच. म्हणजे आपण पुनरावृत्तीची फळे स्तुतीला घेतली आणि पुनरावृत्ती तेवढी निंदेला ठेवली. रोमँटिक काव्यविचार आपल्याकडे आल्यावर हे घडले असावे असा माझा तर्क आहे. त्यापूर्वीच्या कीर्तनकाराला ध्रुवपद परत परत म्हणण्याची लाज वाटत नव्हती.

ही लाज कलेच्या बाजारात मोठी महाग पडते. १८६६ साली लंडनच्या इंडिया ऑफिसच्या वतीने जॉन फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानी कापडांच्या नमुन्यांचे अठरा खंड सिद्ध केले. सातशे नमुने, प्रत्यक्ष कापडाचे तुकडे कापून चिकटवलेले, आणि असे वीस संच. उद्देश उघड होता: विलायतेच्या गिरणीवाल्याने हे पाहावे आणि हिंदुस्थानात खपेल असा माल काढावा. नमुन्याखाली कापडाची लांबी, वजन, ठिकाण, किंमत आढळते. कर्त्याचे नाव आढळत नाही. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठे चिकटचित्र म्हणून ह्या खंडांकडे पाहण्याचा मोह होतो. परंतु तो मोह आवरलेला बरा, कारण त्याच्या पोटात हजारो माणसांची उपजीविका आहे. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. बगरूचे रामकिशोर छीपा ह्यांना २००९ साली पद्मश्री मिळाली; गुजरातेतील पेथापूरचे माणेकलाल गज्जर हे तर ठसे कोरणारेच, आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तरी सामान्यतः दुकानातील कापडावर आढळते ते विक्रेत्याचे नाव, फार तर गावाचे. कोरणाऱ्याचे नाव तेथवर पोहोचण्यास वाट नाही, कारण वाटेत छीपा आहे, व्यापारी आहे, नमुना आखणारा आहे.

शेवटी एक घटना, जिचा विचार कलेतिहासाच्या ग्रंथांत मला कोठे आढळला नाही. वॉरहॉलच्या १९६२ सालच्या बत्तीस सूपडब्यांची चित्रे जाळीने छापलेली नाहीत. ती हाताने रंगवलेली आहेत, आणि डब्याच्या खालच्या कडेची फुलांची पट्टी हाताच्या ठशाने उमटवलेली आहे. म्हणजे पॉप आर्टच्या ह्या आद्य कृतीत छीपाचा हात आहे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात वॉरहॉल रेशमी जाळीच्या छपाईकडे वळला आणि हातठसा कायमचा मागे पडला. त्या जाळीने चित्रकलेला यंत्राची उदासीनता आणि संख्या दिली, असे समीक्षक कौतुकाने लिहितात. तीच जाळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगानेरात आली. लांब मेजांवर दोन माणसे जाळीची चौकट सरकवत जातात. एका दिवसात इतके कापड निघते, की ठसेवाल्याने त्याच्याशी स्पर्धा करणे शक्य नाही. नमुने बहुतेक तेच, बुट्ट्या त्याच, आणि गिऱ्हाइकाला दुरून भेद कळत नाही. डांटोने न्यूयॉर्कच्या दालनात विचारलेला प्रश्न, की दोन वस्तू सारख्याच दिसत असता भेद कोठे आहे, तो सांगानेरच्या बाजारात रोज विचारला जातो. फरक एवढाच, की तेथे त्याच्या उत्तरावर कोणाची तरी चूल अवलंबून असते. २०१० साली सांगानेरी हातछपाईस भौगोलिक निर्देशाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. कायद्याने गाव नोंदवले आणि हात नोंदवला. लाकूड कापणारा हा त्या हातांत येतो की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

जाणता डोळा भेद ओळखतो तो रेख आणि दट्टा ह्यांच्यामधल्या फटीवरून. हातठशात कोठे तरी रंग रेघेबाहेर किंचित सांडलेला असतो, कोठे पाकळीच्या टोकाशी पांढरी कोर उरलेली असते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर हे अंतर थोडे बदलते. टिल्सनच्या लाकडी खणांच्या कडांनाही अशी असमानता आहे. दोन्हींत कापणारा हात उरतो तो ह्या फटीत. आमेर येथे २००५ साली उघडलेल्या हातछपाईच्या संग्रहालयात कोरणारा आणि छापणारा दोघेही प्रेक्षकांसमोर काम करतात. तेथे थोडा वेळ उभे राहिले तर कळते, की छापणाऱ्याकडे माणसे अधिक रेंगाळतात. रंग लगेच दिसतो. कोरणाऱ्याजवळ नुसता भुसा पडत असतो.

ह्या सर्व विचारानंतर ‘पॉप आर्ट’ला ‘लोककला’ म्हणणे मला तरी अशक्य झाले आहे. संज्ञा जशी आहे तशीच, देवनागरीत, ठेवावी हे बरे. ‘लोकप्रिय कला’ हा शब्द सांगानेरच्या चिटासाठी आणि चित्रशाळेच्या देवांसाठी राखून ठेवावा. तो त्यांचा आहे. आणि इंग्रजी लेखांत जेथे ‘ब्लॉक’ येतो तेथे त्याचे भाषांतर करताना तो लाकूड म्हणून पडलेला आहे की कोरून झालेला आहे, हे आधी पाहावे. पहिल्यास ठोकळा म्हणावे, दुसऱ्यास ठसा.